बोथट

रियेकाच्या चढावर माझ्या आठवड्याला अकरा चुली येतात,
त्यातली एकही माझी नाही.
नगरपालिका तासाचे पैसे मोजते,
घरात पातेलं आहे का, हे विचारत नाही.

म्हणून पिशवीत मीठ असतं, तमालपत्राची डहाळी,
आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली माझी सुरी.

मिल्कोविचबाईंच्या ओव्हनमध्ये हिवाळ्याचे बूट आहेत.
काढू का, विचारलं तर म्हणाल्या, मग बूट कुठे ठेवू?
वरच्या मजल्यावरच्या विधुराकडे लाटणं नव्हतं.
वाइनच्या बाटलीनं पीठ लाटलं,
आधी ती त्याला रिकामी करू दिली.
रांधता येईना ओली लाकडं, ही म्हण मला परवडत नाही.
लाकडं ओलीच असतात,
बाराच्या ठोक्याला भूक तेवढी कोरडी.

गुरुवारी बार्बा लोव्रे.
बत्तीस वर्षं जहाजावर आचारी होता हा माणूस,
आणि स्वयंपाकघरात एक चमचा,
दांडा तुटलेला एक तवा,
एक सुरी, जिनं लोणीसुद्धा कापलं नसतं.
विकून प्यायला असेल सगळं, असं मी मनात म्हटलं.
देव माझी जीभ झडू दे. बोलले नाही, पण म्हटलं.

तो खिडकीशी बसलेला, हात मांड्यांखाली दाबून.
मी कॉफीचा कप पालथा घातला,
बुडाच्या खरखरीत कडेवर त्याच्या सुरीला धार काढली.
आवाज झाला तसा तो वळला.
तहानलेल्यानं नळाकडे बघावं तसा बघत राहिला.
मला वाटलं, किती हुशार आहेस तू, झोर्का.

पुढच्या गुरुवारी ब्लित्वाची भाजी चिरून तयार,
पानं एक बारीक, एक जाड.
अंगठ्याला चिंधी, तळव्याला चिंधी,
सिंकमध्ये गुलाबी पाणी,
आणि बार्बा लोव्रे लग्नात बसल्यासारखा हसतोय.

त्याची मुलगी नेवेंका मला जिन्यात भेटली.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
म्हणाली, ती बोथट मी केली होती.
याच पायरीवर. अख्खा रविवार गेला.
बाकीच्या दहा माझ्या पलंगाखाली आहेत,
एकेक कापडात. त्यांना हात लावला तर त्याला कळतं.
सगळ्याच नेल्या असत्या तर तो मेला असता.

बोथट सुरीच जास्त घात करते,
हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं.
मी ते गिळलं.

मग मी बसले पायरीवर.
धार काढायला दहा मिनिटं लागली होती;
घालवायला तास गेला.
बुरा वारं जिन्यातून वर चढत होतं, बोटं काष्ठ झाली.
वरून मिल्कोविचबाई ओरडल्या,
धार लावतेयस? माझ्याही दोन आहेत!
आणते म्हणाल्या. आणल्या.
त्यांना काय सांगणार? त्यांच्यावर मात्र खरी धार लावली.

आत आले तेव्हा माझी सुरी पिशवीतच राहू दिली.
लसूण पेल्याच्या बुडानं ठेचला.
बटाटे सालीसकट उकडले, मुठीनं फोडले.
भाजीची पानं बार्बासमोर ठेवली, म्हटलं, फाडा.
त्याचे हात मांड्यांखालून निघाले.
थरथरत्या हातांना फाडणं जमतं,
उलट पटकन जमतं, बघितलंत का कधी?

ओट्यावरच्या सुरीकडे त्यानं एकदा पाहिलं.
अंगठ्यानं पातं चाचपलं, आचाऱ्यासारखं, आडवं.
काही बोलला नाही.
पाणी उकळलं, तेल पडलं, वास सुटला,
आणि अर्धी पानं झाल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणाला,
वादळ आलं की आम्ही
सगळ्यात आधी सुऱ्या कुलपात घालायचो.
जेवण तरीही व्हायचंच.

मीठ कमी आहे, म्हणाला.
होतंच कमी.